ड्रायव्हरकाका आणि दुसरा पडदा

आमच्या ड्रायव्हरकाकांना गाडी चालवता येत नाही. सायकलवरून जातानासुद्धा ते वळण आलं की खाली उतरतात, सायकल हातानं वळवतात आणि मग पुन्हा बसतात. तरी पाणीपुरवठा ऑफिसातल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणत. त्याला कारण एक फोन.

ऑफिसात नुकतेच कॉम्प्युटर आले होते तेव्हाची गोष्ट. साहेब बाहेर बैठकीला गेले होते. काकांनी त्यांना फोन लावला आणि म्हणाले, "साहेब, खालच्या खोलीतला ड्रायव्हर गेला. सकाळपासून धडपडतोय, पण काही उपयोग झाला नाही."

 पलीकडून साहेब हळू आवाजात म्हणाले, "घरच्यांना कळवलंत का?"

"घरच्यांना कशाला? दुपारपर्यंत दुसरा टाकतो ना."

साहेब बैठक अर्धी टाकून आले. तेव्हा काकांनी त्यांना समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरच्या पोटात जे जे कार्ड असतं, त्याला कॉम्प्युटरची भाषा समजावून देणारा एक प्रोग्राम लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. तो बिघडला की कार्ड धडधाकट असूनही मुकं होतं. साहेबांना हे कितपत कळलं कोण जाणे, पण नाव मात्र त्या दिवसापासून चिकटलं.

काका मुळात पंपहाऊसवर वायरमन होते. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांचं खोकं उघडायला न घाबरणारा माणूस ऑफिसात तेवढा एकच होता, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. उंच, जरा वाकलेले, खिशात नेहमी स्क्रूड्रायव्हर आणि पेन्सिल. मशीनशी ते अहो-जाहो करत. "चला, आता उठा बघू," असं एखाद्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरला म्हणताना मी त्यांना स्वतः ऐकलंय. त्यांच्याकडे एक लांबुळकी वही होती. कशालाही हात लावण्याआधी ते त्यात पेन्सिलीनं लिहीत: आधी काय होतं, आता काय करणार, कशासाठी. "आधी लिहायचं, मग हात लावायचा. नाहीतर परतीची वाट सापडत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. घरी मात्र ही शिस्त नव्हती. काकूंच्या शिवणयंत्राचे उरलेले तीन स्क्रू कितीतरी वर्षं एका वाटीत पडून होते.

माझी आई त्याच ऑफिसात नकाशे तपासायची. जमिनीखालून गेलेल्या सगळ्या पाइपलाइनींचे नकाशे तिच्या ताब्यात होते. मूळ कागद फार जुने, हातानं रेखलेले, आणि त्यांवर व्हॉल्व्हचे नंबर डासाच्या पायाएवढ्या अक्षरांत. ते सगळे स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवले होते. कुठं पाइप फुटला की मुकादमाचा फोन यायचा, आणि कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते आई सांगायची. पंचवीस वर्षांत तिचा नंबर चुकला नव्हता.

मग तिच्या डोळ्यांत दोष निघाला. नजरेच्या बरोबर मध्यभागी एक डाग. कडेचं दिसायचं, पण जिथं बघावं तिथलंच पुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणार नाही, पण वाढलं नाही तर नशीब. आईनं ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. घरी आम्ही दोघीच. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि मलाही तिनं महिनाभर पत्ता लागू दिला नाही.

काकांच्या मात्र ते लक्षात आलं. एकदा ते काही कामानं नकाशाच्या खोलीत गेले, तर आई कॉम्प्युटरच्या काचेवर भिंग धरून बसली होती.  दुसऱ्या दिवशी ते एक जादा पडदा घेऊन आले आणि तिच्या डाव्या हाताला, जरा तिरका ठेवला. आईच्या मशीनमध्ये जे चित्राचं कार्ड होतं, त्याच्या ड्रायव्हरबरोबर एक सोय मिळायची, ती बहुतेकांना माहीतही नव्हती. एका पडद्यावर माउस जिथं न्यावा, तेवढाच तुकडा दुसऱ्या पडद्यावर आठपट मोठा होऊन स्थिर दिसायचा. आई मान न हलवता डोळ्याच्या कडेनं तो वाचायची. काका त्याला 'भिंगखिडकी' म्हणत.

"कोणी विचारलं तर काय सांगू?" आई म्हणाली.

"सांगा, नकाशा मोठा आहे, एका पडद्यावर मावत नाही."

असं चार वर्षं चाललं. वेगळा पडदा मिळाल्यामुळे आईचा ऑफिसात मान वाढला, ते आणखी वेगळंच.

मग वरून हुकूम आला, की कॉम्प्युटर ज्यावर चालतात ती जुनी मूळ प्रणाली सगळीकडून काढून नवी टाकायची, आठवड्याच्या आत. मशीनं चौदा आणि माणूस एक. काकांनी तेरा मशीनं वहीत नीट नोंदी करत उरकली. चौदावं आईचं. शुक्रवारी संध्याकाळी साहेब डोक्यावर उभे होते: झालं का, झालं का. काकांनी वही काढलीच नाही. पडद्यावर प्रश्न आला, 'पुढे जायचं?' त्यांनी 'होय' दाबलं.

सोमवारी आईनं मशीन सुरू केलं, तर दुसरा पडदा काळा. तासाभरात काकांनी तो उजळवला, पण भिंगखिडकी गायब. नव्या प्रणालीनं जुना ड्रायव्हर काढून आपला स्वतःचा बसवला होता. त्याला चित्र दाखवता यायचं, तेवढंच. आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं नव्या प्रणालीसाठी जो ड्रायव्हर काढला होता, त्यातून ती सोयच वगळली होती. फारसं कोणी वापरत नाही म्हणून.

"असू द्या भाऊ, चालवून घेते मी," आई म्हणाली आणि तिनं खणातलं भिंग काढलं.

आठ दिवसांनी शाळेमागच्या चौकात पाइप फुटला. मुकादमाचा फोन आला. आईनं भिंगातून वाचलं आणि सांगितलं, त्रेसष्ट. तो होता अडुसष्ट. त्यांनी त्रेसष्ट बंद केला. तीन गल्ल्यांचं पाणी गेलं, आणि फुटलेल्या पाइपातून मात्र ते दोन तास वाहत राहिलं. कोपऱ्यावर तळमजल्याला एका बुकबाइंडरचं दुकान होतं. त्याच्या कागदांच्या थप्प्या भिजल्या. कोणाला इजा झाली नाही, साहेबांनीही 'ऐकण्यात चूक' असं लिहून विषय मिटवला. पण दुसऱ्या दिवशी आई रजा टाकून त्या दुकानात गेली आणि दिवसभर त्याच्याबरोबर दोरीवर कागद वाळत घालत बसली. तो बिचारा तिला खुर्ची देत होता, ती घेत नव्हती.

घरी आल्यावर तिनं नोकरी सोडायचं पत्र लिहिलं. अक्षरं मोठमोठी, ओळ तिरकी गेलेली. ते टेबलावर उघडंच होतं. मी वाचलं आणि तिला न विचारता काकांना फोन केला.

अर्ध्या तासात काका दारात. सायकल भिंतीला टेकवून आत आले, चहा नको म्हणाले, असं कधी होत नसे.

"ताई, ते पत्र माझ्याकडे द्या."

"कशाला?"

"महिनाभर राहू द्या माझ्याकडे. महिन्यात मला जमलं नाही, तर मीच साहेबांच्या हातात नेऊन देतो."

"यात तुमचा काय संबंध? नंबर मी चुकवला."

"आणि 'होय' कोणी दाबलं?" काका म्हणाले. "ताई, मी वहीसुद्धा उघडली नव्हती. सगळ्यांना शहाणपण सांगत फिरतो आणि..."  आईनं पत्राची घडी करून दिली. त्यांनी ती पेन्सिलीच्या खिशात ठेवली.

आता मधल्या दिवसांत नंबर वाचणार कोण? तोही काकांनीच मार्ग काढला. नकाशाच्या खोलीतला फोन वाजला की ते जिथं असतील तिथून जिना उतरून धावत यायचे, "मशीन बघतो जरा" म्हणत आईच्या शेजारी वाकायचे आणि पुटपुटत नंबर सांगायचे. आई तो फोनवर मोठ्यानं सांगायची. नकाशा कसा वाचायचा हे काकांना कळत नव्हतं, आकडे तेवढे दिसत होते. कुठला आकडा हवा ते आईला पाठ होतं. दोघांची मिळून एक धड नजर व्हायची.

उरलेला वेळ काका आईच्या टेबलाखाली. जुना ड्रायव्हर बसवायला गेलं की तो पहिल्याच पायरीवर सांगे, ही प्रणाली मला चालत नाही. काकांनी त्याची पुडी फोडून आतल्या फायली बाहेर काढल्या आणि एकेक हातानं दाखवून मशीनच्या गळी उतरवल्या. "दारावरचा पहारेकरी आत सोडत नसेल तर मागच्या दारानं जायचं," म्हणाले. गेले मागच्या दारानं. ड्रायव्हर बसला, चित्र आलं, पण भिंगखिडकी उघडली की सगळं मशीन गोठायचं. तीनदा केलं, तीनदा गोठलं. वहीची चार पानं भरली.

साहेब रोज बघत होते, की हा माणूस सदानकदा एकाच टेबलाखाली असतो. त्यांनी आपल्या परीनं प्रश्न सोडवला. एक दिवस कोरं करकरीत कार्ड मागवून दिलं.

काकांनी ते बसवलं. चित्र झळझळीत. मोठं करून बघायची सोयही होती, पण ती सगळा पडदाच्या पडदा मोठा करायची आणि माउस हलला की अख्खा नकाशा सरकायचा. आईनं दहा मिनिटं प्रयत्न केला. मग ती उठली, भिंतीला धरून उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले. बोटीत बसल्यासारखं गरगरतंय, म्हणाली.

काकांनी जुनं कार्ड परत बसवायला घेतलं, तेवढ्यात साहेब आले.

"अहो, नवीन दिलंय ना? जुन्याचा एवढा सोस कशाला? ते भंगारात टाका."

काकांनी मान खाली घातली. खरं कारण सांगावं तर आईचं गुपित फुटणार. खोटं त्यांना बोलता येत नसे. ते नुसतेच कार्ड हातात धरून उभे राहिले.

"साहेब, ते माझ्यासाठी आहे," आई म्हणाली. "मला समोरचं दिसत नाही. चार वर्षं झाली. भाऊंनी ती सोय करून दिली होती म्हणून मी काम करू शकले. अडुसष्टचा त्रेसष्ट मी वाचला. मुकादमानं बरोबर ऐकलं होतं."

साहेब खुर्चीवर बसले. 

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला टपालाच्या टेबलावर बसवलं असतं."

"बसवलं असतं," साहेब म्हणाले. मग काकांकडे वळून, "किती दिवस लागतील?"

"माहीत नाही," काका म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून याआधी कधी ऐकले नव्हते, असं आई नंतर सांगायची.

"महिनाअखेरपर्यंत बघा. तोवर नंबर दोघांनी मिळून सांगा. पण उघडपणे सांगा, पुटपुटत नको. मला जिन्यावर पाय वाजलेले ऐकू येतात."

त्या दिवसापासून काकांना निदान टेबलाखालून बाहेर येऊन विचार करता येऊ लागला. त्यांनी हिशेब मांडला: आपल्याकडचा ड्रायव्हर जुन्या प्रणालीच्या काळातला. कंपनीचा आताचा ड्रायव्हर नव्या प्रणालीच्या काळातला. पण मधे केव्हातरी, नवी प्रणाली नुकतीच येऊ घातली असताना, असा एखादा ड्रायव्हर निघाला असेल की ज्याला दोन्ही भाषा येतात आणि ज्यातून भिंगखिडकी अजून काढलेली नाही. कंपनीच्या साइटवर तो नव्हता. मग त्यांना आठवलं, की पंपहाऊससाठी दोन मशीनं उशिरा आली होती, त्यांत हेच कार्ड होतं. त्यांच्याबरोबर सीडी आलीच असणार.

ते पंपहाऊसवर गेले. कपाटं उपसली. सीडी नाही. निराश होऊन बाहेरच्या कठड्यावर बसले, तर डोळ्यांवर चकाकी आली. खिडकीच्या गजांना दोऱ्यानं बांधलेल्या सहा सीड्या वाऱ्यावर फिरत होत्या. कबुतरं येऊ नयेत म्हणून. आणि त्या कोणी बांधल्या होत्या? काकांनीच, दोन वर्षांपूर्वी. जुन्या झाल्या म्हणून.

चौथी सीडी ती निघाली. उन्हानं फिकी पडलेली, चरे गेलेली, वर कबुतरांनी आपला अभिप्राय नोंदवलेला. काकांनी ती रुमालात गुंडाळून आणली, साबणाच्या पाण्यानं धुतली, काकूंच्या मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली. मशीननं ती घुरघुरत वाचायला घेतली. सव्वा तास लागला. एक फाइल दोनदा अडली आणि तिसऱ्यांदा आली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्यातला ड्रायव्हर आईच्या मशीनवर बसवला आणि भिंगखिडकी उघडली. मशीन गोठलं नाही. डाव्या पडद्यावर अडुसष्ट दिसला, तळहाताएवढा.

आईनं तो आकडा वाचला. मग शेजारचा वाचला, मग त्याच्या शेजारचा. त्या दिवशी तिनं विनाकारण दोन वॉर्ड वाचून काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू केलं, तर खिडकी पुन्हा गायब.

काकांनी पुन्हा बसवली. संध्याकाळपर्यंत उत्तम. सकाळी गायब. तिसऱ्या दिवशी तेच. काका अगदी मेटाकुटीला आले. जेवताना ताटाकडे लक्ष नाही, बोलायला गेलं तर हूं. शेवटी काकूंनी विचारलं, "झालंय तरी काय?"

काकांनी सांगितलं. काकू शिवणकाम करणाऱ्या, कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही संध्याकाळी नीट करून येता. सकाळी बिघडलेलं असतं. म्हणजे ते बिघडत नाहीये, कोणीतरी बदलतंय. तुम्ही रोज न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवता आणि मी रोज लावते, तसं. मला वाटतं तुम्ही विसरता, तुम्हाला वाटतं वाऱ्यानं लागते."

काकांचा घास हातात राहिला. "ती तू लावतेस?"

"अकरा वर्षं."

इथं खिडकी लावणारी होती खुद्द नवी प्रणालीच. सकाळी मशीन सुरू झालं की ती इंटरनेटवर जाऊन बघायची, कोणाचा ड्रायव्हर जुना आहे, आणि न विचारता नवा बसवायची. तिच्या मते ती घर आवरत होती. काकांनी शोधून शोधून तिच्या सेटिंगांतली ती जागा गाठली, जिथं सांगता येतं, की हे एक कार्ड सोडून बाकी सगळं अद्ययावत कर, याला हात लावू नकोस. या वेळी मात्र आधी वही उघडली, लिहिलं, आणि मग बटण दाबलं.

सकाळी आठ वाजता काका, आई आणि साहेब तिघंही मशीनसमोर. साहेबांना एरवी दहाशिवाय ऑफिस दिसत नसे. मशीन सुरू झालं. खिडकी जागच्या जागी होती. साहेबांनी नकाशावर एका कोपऱ्यात बोट ठेवलं, "हा कितवा?"

"एकशे सात," आई म्हणाली. "पण तो गंजलाय, बंद होत नाही. त्याच्याआधीचा बंद करायला लागतो."

साहेबांनी हे तपासायला माणूस पाठवला. व्हॉल्व्ह गंजलेलाच होता.

नंतर साहेबांनी एक कागद काढला, की या मशीनमध्ये कोणताही बदल ताईंच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. काकांनी नोकरी सोडायचं ते पत्र आईला परत दिलं. ते घामानं इतकं मऊ पडलं होतं की उघडताना घडीवर फाटलं. आईनं त्याचे चार तुकडे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली.

आई त्यानंतर सहा वर्षं नोकरीत होती. त्या काळात कार्डाचा पंखा एकदा बंद पडला आणि एकदा कार्डच गेलं. पण काकांनी पंपहाऊसची दोन्ही कार्डं काढून, खोक्यात गुंडाळून ठेवली होती. आई निवृत्त झाली आणि वर्षभरात काकाही झाले. त्यांच्या जागी एक मुलगी आली, शिकलेली, चटपटीत. आईच्या जागी जे गृहस्थ आले त्यांची नजर शाबूत होती, पण भिंगखिडकीची त्यांनाही सवय लागली होती. काकांनी त्या मुलीसाठी अकरा पानी सूचना लिहून ठेवल्या.

काही वर्षांनी तिचा फोन आला. ती म्हणाली, "काका, आताच्या प्रणालीत ही सोय मुळातच दिलीय. दुसऱ्या पडद्यावर स्थिर ठेवता येते. तुमचं कार्ड मी काढलं, चालेल ना?"

काका "चालेल" म्हणाले आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सायकल काढून ऑफिसात गेले. त्या मुलीनं त्यांना खुर्ची दिली. तासभर त्यांनी माउस या गल्लीतून त्या गल्लीत फिरवला, वॉर्ड पालथे घातले.

"चांगलं केलंय," ते शेवटी म्हणाले. "आमच्यापेक्षा किंचित हळू चालतं. पण चांगलं आहे."

तिथून ते सरळ आमच्याकडे आले. आईच्या घरच्या कॉम्प्युटरवर ती सोय कशी सुरू करायची ते त्यांनी त्या मुलीकडून शिकून घेतलं होतं. ती सुरू केली, एक जादा पडदा डाव्या हाताला तिरका ठेवला, आणि आईनं त्यावर तिच्या नातीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, ईमेलनं धाडलेलं पत्र कोणाच्याही मदतीशिवाय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. काका तोवर स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभे होते, आणि माझा मिक्सर कसा आवाज करतो हे कान देऊन ऐकत होते.